एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर: शाळेत करता येईल अशी सूर्यमालेची प्रमाणबद्ध प्रतिकृती

प्रश्न असा आहे: आठवीच्या मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी सूर्यमालेची प्रतिकृती करून घ्यायची आहे. तारेवर थर्माकोलचे गोळे लावलेली नेहमीची नको. ग्रहांचे आकार आणि अंतरं दोन्ही एकाच प्रमाणात बरोबर येतील असं काही शाळेत जमेल का? सामान काय लागेल, जागा किती लागेल?

जमेल. बहुतेक सामान स्वयंपाकघरातच सापडेल. अडचण फक्त जागेची आहे, कारण ही प्रतिकृती टेबलावर मावत नाही. का मावत नाही, हे मुलांनी स्वतः गणित करून शोधलं तर निम्मा धडा तिथेच होतो. तारेवरच्या प्रतिकृतीत पृथ्वीचा गोळा साधारण २ सेंमीचा असतो. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे, म्हणजे त्या गोळ्याला साजेसा सूर्य २ मीटर १८ सेंमीचा हवा आणि तो सुमारे २३५ मीटर लांब हवा. प्रत्यक्षात तो फुटभर अंतरावर टेनिसच्या चेंडूएवढा लावलेला असतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रातही हेच होतं. तिथे पानाच्या रुंदीचा नाइलाज असतो, पण चित्राखाली ‘प्रमाणात नाही’ असं लिहिलेलं असलं तरी मुलांच्या डोक्यात चित्रच राहतं.

प्रमाण निवडताना १ : १० अब्ज (१ : १०,००,००,००,०००) हे घ्या. कारण आपल्याच मोजणीत आहे. या प्रमाणात १ मीटर म्हणजे १ कोटी किमी, १ सेंमी म्हणजे १ लाख किमी आणि १ मिमी म्हणजे १० हजार किमी. लाख-कोटीत मोजणाऱ्याला कॅल्क्युलेटर लागतच नाही. पृथ्वी सूर्यापासून १४.९६ कोटी किमीवर आहे, म्हणजे १४ मीटर ९६ सेंमीवर. तिचा व्यास १२,७४२ किमी, म्हणजे १.२७ मिमी. फक्त इंग्रजी तक्ते वापरताना जपा. तिथे अंतरं दशलक्षात असतात (पृथ्वीसाठी १४९.६), ती दहाने भागली की थेट मीटर मिळतात. इथे एका शून्याची चूक झाली तर नेपच्यून ४५ मीटरवर येतो आणि सगळं मैदानात मावल्याचा आनंद होतो. सगळं मैदानात मावलं तर गणित पुन्हा तपासा.

आता एकेक वस्तू.

सूर्य १३.९ सेंमी व्यासाचा. मध्यम आकाराचं पपनस बरोबर एवढं असतं. पपनसाचा हंगाम नसेल तर पिवळा फुगा घ्या. गोल वस्तूचा व्यास पट्टीने नीट मोजता येत नाही, म्हणून शिंप्याच्या टेपने घेर मोजा. तो ४४ सेंमी भरला की व्यास १४ सेंमी झाला. लांबून दिसायला हवा, तेव्हा फळ हिरवं असेल तर पिवळा किंवा केशरी रंग लावून घ्या.

बुध ०.४९ मिमी, ५.८ मीटरवर: रव्याचा दाणा.

शुक्र १.२ मिमी, १०.८ मीटरवर: बारीक मोहरी.

पृथ्वी १.३ मिमी, १५ मीटरवर: तीही बारीक मोहरीच. मोठी मोहरी दोन मिलिमीटरच्या आसपास जाते, ती चालणार नाही. एक दाणा मोजण्याच्या भानगडीत पडू नका. दहा दाणे पट्टीच्या कडेला चिकटून एका ओळीत लावा, लांबी मोजा आणि दहाने भागा. १२-१३ मिमी आली की मोहरी योग्य आहे. प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर असेल तर मुलांना तोही वापरू द्या.

चंद्र ०.३५ मिमी, पृथ्वीपासून ३.८ सेंमीवर: अगदी बारीक रव्याचा कण. तो पृथ्वीच्याच पुठ्ठ्यावर येतो.

मंगळ ०.६८ मिमी, २२.८ मीटरवर: खसखशीचा लहान दाणा.

गुरू १४ मिमी, ७७.८ मीटरवर: लहान गोटी. बाजारातली नेहमीची गोटी १६ मिमीची असते, तेव्हा लहान शोधा किंवा मातीचा गोळा वळून वाळवा. वाळताना माती आकसते, म्हणून ओला गोळा मिलिमीटरभर मोठा ठेवा.

शनी १२ मिमी, १४३ मीटरवर: रिठ्याच्या आतली काळी बी साधारण एवढी असते, मोजून निवडा. कडी पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाची कापा: बाहेरचा व्यास २७ मिमी, आतलं भोक १५ मिमी. खरी कडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच जाड आहेत. म्हणजे तुमचं पातळातलं पातळ प्लास्टिकही प्रमाणापेक्षा हजारो पट जाड ठरेल, पण त्याला इलाज नाही.

युरेनस ५.१ मिमी, २८७ मीटरवर, आणि नेपच्यून ४.९ मिमी, ४५० मीटरवर: दोन्ही काळी मिरी. जरा टपोरे दाणे निवडा.

प्लूटो घ्यायचाच असेल तर ०.२४ मिमी, सरासरी ५९१ मीटरवर. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रहांत टाकलं, हे मुलांना माहीत असतं. त्याची कक्षा किती लंबगोल आहे हे मात्र माहीत नसतं. आपल्या मापात तो सूर्यापासून ४४४ ते ७३८ मीटर असा फिरतो. म्हणूनच १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षा सूर्याला जवळ होता.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा दाखवायला मूठभर वाळू फेकण्याचा मोह होतो. फेकू नका. पट्टा साधारण ३१ ते ४९ मीटरच्या दरम्यान येतो आणि त्यातला सर्वांत मोठा सेरेस इथे ०.०९ मिमीचा, म्हणजे पिठाचा कण. सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचं वस्तुमान चंद्राच्या काही टक्केच भरतं. तिथे नुसती पाटी लावा: ‘इथे लाखो लघुग्रह आहेत, दिसत नाहीत.’

दाणे हातात घेऊन मैदानात जाऊ नका. वाऱ्याच्या एका झुळुकीत पृथ्वी उडून जाते आणि मग सगळा वर्ग गवतात मोहरी शोधत बसतो. १० सेंमी चौकोनी काळा पुठ्ठा घ्या, मधोमध फेविकॉलचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब ठेवा आणि त्यावर दाणा बसवा. थेंब मोठा झाला तर दाणा त्यात बुडतो आणि ग्रहाचा आकार दुप्पट दिसतो. खसखस आणि रवा पांढरे असल्याने काळ्यावर उठून दिसतात. काळी मोहरी आणि मिरे यांना मात्र पांढरा पुठ्ठा लागेल. पुठ्ठे काठीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. ग्रहाचं नाव मोठ्या अक्षरात हवं, नाहीतर वीस मीटरवरून कुणाला काहीच कळत नाही.

अंतर मोजताना एक चूक जवळजवळ प्रत्येक गटाकडून होते. पृथ्वी १५ मीटरवर लावली की मुलं मंगळ तिथून पुढे २२.८ मीटर मोजतात. सगळी अंतरं सूर्यापासून आहेत. त्यामुळे शुक्रापासून पृथ्वी ४.२ मीटर पुढे आणि पृथ्वीपासून मंगळ ७.८ मीटर पुढे येईल. दुसरी चूक तक्त्यातली असते. काही तक्त्यांत त्रिज्या दिलेली असते, काहींत व्यास, आणि मुलं दोन्ही एकाच रकान्यात उतरवतात. पृथ्वीसमोर ६,३७१ दिसलं की ती त्रिज्या आहे हे ओळखायला शिकवा.

मंगळापर्यंतची चार अंतरं फितीने सेंटिमीटरपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या मीटरने फरक पडतो. गुरूच्या पुढे एवढं काटेकोर राहण्याची गरज नाही. मुलाची ३० मीटरला किती पावलं पडतात ते तीनदा मोजून सरासरी काढा आणि पुढे पावलांनी जा. दोनशे-तीनशे मीटरमध्ये चार-पाच मीटरची चूक झाली तरी बिघडत नाही. सुतळी वापरणार असाल तर ती ताणली की लांबते, हे लक्षात ठेवा. नायलॉनची दोरी तर आणखी लांबते.

शंभर मीटरचं मैदान असेल तर गुरूपर्यंत काम होतं. पुढचं शाळेबाहेर न्यावं लागेल. वाहतूक नसलेला रस्ता, नदीचा घाट किंवा फिरायला जायचा कट्टा बघा. रस्ता वळत असेल तर गुरूच्या पुढे वळणासकट मोजायला हरकत नाही, पण पृथ्वीपर्यंतचा भाग सरळ रेषेतच हवा. सूर्य दिसला पाहिजे. एवढी जागाच नसेल तर सगळं निम्मं करा. सूर्याच्या जागी क्रिकेटचा लेदर बॉल ठेवा (तो ७ सेंमीपेक्षा किंचित मोठा असतो), म्हणजे नेपच्यून २२५ मीटरवर येतो. तोटा इतकाच की पृथ्वी खसखशीएवढी होते आणि बुध दिसेनासा होतो. माझं मत विचाराल तर जागेसाठी थोडी धावपळ करा, पण पपनसच ठेवा. कोटीला मीटर हा हिशोब हातचा जाऊ देऊ नका.

प्रतिकृती बरोबर झाली का, याचा पडताळा आकाशातच आहे. पौर्णिमेच्या आसपास मुलांना सांगा: हात पूर्ण लांब करून करंगळी चंद्रासमोर धरा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते आणि चंद्र तिच्या निम्मा, म्हणजे अर्ध्या अंशाचा. दुसऱ्या दिवशी मोहरीच्या पुठ्ठ्यापाशी उभं राहून तशीच करंगळी पपनसासमोर धरा. तेही निम्मंच दिसेल. खरा सूर्यही आकाशात एवढाच दिसतो, पण त्याच्याकडे बघून पडताळा घ्यायचा नाही, हे आधीच ठणकावून सांगा. आता नेपच्यूनपाशी जाऊन मागे वळून बघा. ४५० मीटरवरून पपनस जेमतेम एका ठिपक्याएवढं दिसतं, कारण साध्या डोळ्याला त्याहून बारीक काही वेगळं दिसतच नाही.

इथून पुढे ही प्रतिकृती प्रश्नांची उत्तरं द्यायला लागते. तिच्यावर मेहनत घ्यायची ती यासाठीच.

दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ३.८ सेंमीवर ५ अंश म्हणजे जास्तीत जास्त ३.४ मिमी वर किंवा खाली. पृथ्वी आहे १.३ मिमीची. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना रव्याच्या कणाची सावली मोहरीच्या वरून किंवा खालून निघून जाते. चंद्राचा मार्ग ज्या दोन बिंदूंत ती पातळी ओलांडतो, तेच पंचांगातले राहू आणि केतू. अमावास्या त्या बिंदूंच्या जवळ पडली तरच ग्रहण होतं. नवग्रहांत राहू-केतू, सूर्य आणि चंद्र धरलेले असतात, पृथ्वी नसते. म्हणून ‘ग्रह किती?’ या प्रश्नाला घरचं आणि शाळेचं उत्तर वेगळं येतं. मुलांचा हा गोंधळ दोन मिनिटांत सोडवून टाका. नंतर तो सुटत नाही.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते का? पाठ्यपुस्तकातली चपटी कक्षा बघून मुलांना तसं वाटतंच. मैदानावर १५ मीटरची दोरी घेऊन फक्कीने वर्तुळ काढा. खरी कक्षा या वर्तुळापासून फक्त पाव मीटर आत-बाहेर होते: जानेवारीच्या सुरुवातीला १४.७ मीटर, जुलैच्या सुरुवातीला १५.२ मीटर. म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. ऋतू होतात ते अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी सावली पायाखाली येते, तीही त्यामुळेच.

त्याच वर्तुळावर पृथ्वी दिवसाला सुमारे २६ सेंमी सरकते. रोज शाळा भरल्यावर एका मुलाने पुठ्ठा तेवढा पुढे न्यायचा. रविवारचाही हिशोब सोमवारी चुकता करायचा, नाहीतर वर्षाअखेर पृथ्वी मागे राहते.

शुक्र मध्यरात्री का दिसत नाही? १०.८ मीटरचं दुसरं वर्तुळ काढा, त्यावर एका मुलीला फिरायला सांगा आणि बाकीचे पृथ्वीच्या जागी थांबा. ती कुठेही गेली तरी पपनसापासून ४६-४७ अंशांपेक्षा लांब दिसणार नाही. म्हणून शुक्र संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच सापडतो. ती आपल्या बाजूला आली की ४.२ मीटरवर असते, पलीकडे गेली की जवळजवळ २६ मीटरवर. दुर्बिणीतून शुक्र कधी मोठी कोर, कधी लहान गोल का दिसतो, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

२००३ पासून अधूनमधून ऑगस्टमध्ये निरोप फिरतो की मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार. २००३ मध्ये मंगळ खरोखरच फार जवळ आला होता, ५.५८ कोटी किमीवर. आपल्या मापात खसखशीचा दाणा साडेपाच मीटरवर. मुलांना दाखवा आणि विचारा, हा पपनसाएवढा दिसतोय का? पुढचा प्रश्न हुशार मुलं स्वतःच विचारतात: मग मंगळयानाला तिथे जायला जवळजवळ दहा महिने का लागले? कारण यान सरळ रेषेत गेलंच नाही. १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीची कक्षा सोडून ते सूर्याभोवती अर्धा फेरा मारत, साठ कोटी किमीहून जास्त अंतर कापून, २४ सप्टेंबर २०१४ रोजी पोहोचलं. इथल्या मापात तो साठ मीटरहून लांब वळसा होतो. फक्कीने काढून दाखवा.

नववी-दहावीची मुलं सोबत असतील तर केप्लरचा तिसरा नियम इथेच पडताळून बघा. ग्रहाचं अंतर १४.९६ ने भागा आणि उत्तराला त्याच्याच वर्गमूळाने गुणा. ग्रहाचं वर्ष मिळतं. गुरूसाठी ७७.८ ÷ १४.९६ = ५.२, वर्गमूळ २.२८, गुणाकार ११.८६ वर्षं. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो गुरू सिंह राशीत परत येतो म्हणून, आणि गुरूचा फेरा बाराला किंचित कमी आहे. शनीचं उत्तर साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास येतं. त्याला बारा राशींनी भागा, एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. साडेसातीचा आकडा कुठून आला ते मुलांना कळतं. तिच्या फळाबद्दल या गणितात काही नाही.

प्रकाशाचा प्रयोग अजिबात चुकवू नका. प्रकाश सेकंदाला ३ लाख किमी जातो, म्हणजे इथे सेकंदाला ३ सेंमी. बुटाची लांबी २१ सेंमी असेल असा एक मुलगा सूर्यापासून निघेल, दर सात सेकंदांनी टाचेला टाच लावून एक पाऊल टाकेल. घड्याळ दुसऱ्याच्या हातात. पृथ्वीपर्यंत ७१ पावलं आणि आठ मिनिटं वीस सेकंद. तिसऱ्या मिनिटाला बाकीची मुलं कंटाळतात, कंटाळू द्या. मग सांगा, याच चालीने नेपच्यूनला जायला चार तास दहा मिनिटं लागतील. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ हे अंतराळयान आता इथून सुमारे अडीच किमीवर असेल आणि रोज पंधरा सेंमी पुढे सरकत असेल. आणि सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, ४,००० किमीवर. पपनस मुंबईत ठेवलं तर तो जवळपास सिंगापूरला.

पृथ्वी आणि चंद्र या मापात फार बारीक होतात, म्हणून त्यांची जोडी वेगळी करा. तेच पपनस आता पृथ्वी समजा, १ सेंमी म्हणजे १,००० किमी. (नेमकं १२.७ सेंमी हवं, लहानसं निवडा.) साडेतीन सेंमीचं लिंबू म्हणजे चंद्र. आधी मुलांना विचारा, लिंबू कुठे ठेवायचं? बहुतेक हातभर अंतर सांगतात. खरं अंतर ३ मीटर ८४ सेंमी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पपनसाच्या सालीपासून फक्त ४ मिमी वर फिरतं, आणि टीव्हीचे भूस्थिर उपग्रह ३६ सेंमीवर.

याच लिंबाने चंद्राच्या कलाही शिकवता येतात, तेही अंधाऱ्या खोलीत टॉर्च न लावता. शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारी चारच्या सुमाराला चंद्र पूर्व-आग्नेयेकडे दिसतो. उन्हात उभं राहून काडीला टोचलेलं लिंबू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असं धरा. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसेल तेवढाच चंद्राचा दिसतो, उजेडाची बाजूही तीच. चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत इथे मोडते, कारण लिंबावर पृथ्वीची सावली पडलेली नसते. सकाळची शाळा असेल तर कृष्ण अष्टमीला पश्चिमेकडच्या चंद्रासोबत हेच करा.

प्रदर्शनात शेवटी एक टेबलच मिळणार असेल तर त्यावर पपनस ठेवा, बुध आणि शुक्र हॉलमध्येच मोजून भिंतीला लावा, पृथ्वी दाराबाहेर. टेबलामागे गावाचा किंवा वॉर्डाचा नकाशा टांगा, शाळेला केंद्र धरून १४३, २८७ आणि ४५० मीटरची वर्तुळं काढा आणि त्यांवर ओळखीची ठिकाणं लिहा: शनी देवळापाशी, युरेनस एसटी स्टँडवर, नेपच्यून पिठाच्या गिरणीच्या दारात. शक्य असेल तर गिरणीवाल्याला विचारून तिथे खरोखरच एक मिऱ्याचा पुठ्ठा लावून या. बघणाऱ्यांपैकी निदान काही जण घरी जाताना वाट वाकडी करून तो बघायला जातील.